विचारपूस पुरेशी नाही

पक्षाघातावरच्या उपचारांत गेल्या तीस वर्षांत जी झेप घेतली गेली, ती मुख्यतः पहिल्या काही तासांची आणि दिवसांची आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, रक्तवाहिनीतून नळी सरकवून गुठळी ओढून काढणे, पक्षाघाताच्या रुग्णांसाठी वेगळे युनिट, यांमुळे पूर्वी दगावले असते असे अनेक लोक आज घरी परततात. त्यानंतरच्या वर्षांच्या वाट्याला मात्र ही प्रगती फारशी आलेली नाही. जगभरच्या अभ्यासांची २०११ साली एकत्र मोजदाद झाली, तेव्हा पहिल्या झटक्यानंतर वर्षभरात सुमारे ११ टक्के, पाच वर्षांत २६ टक्के आणि दहा वर्षांत ३९ टक्के लोकांना पुन्हा झटका आल्याचे दिसले. पहिल्या पाच वर्षांत केव्हाही तपासले तरी साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य असते. त्याच वर्षी ब्रिटनमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली. झटका येऊन एक ते पाच वर्षे झालेल्या १,२५१ लोकांना त्यांच्या गरजा विचारल्या होत्या, आणि जवळजवळ निम्म्यांनी सांगितले की आमची किमान एक गरज अजून कुणीही पुरी केलेली नाही. चालताना तोल जातो, शब्द आठवत नाही, लघवी आवरत नाही, दुपारपर्यंत अंगातले बळ संपते, आणि यातले कोणते दुखणे कुणाकडे न्यायचे हेच कळत नाही, अशी ही अवस्था आहे.

या अवस्थेवर ब्रिटनमध्ये जो उपाय सुचला तो अगदी स्वाभाविक होता. तिथे माणूस आपल्या भागातल्या जीपीच्या, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नोंदलेला असतो. त्या दवाखान्यात डॉक्टरांच्या जोडीला परिचारिका असते, आणि बीपी, मधुमेह, दमा यांच्या ठरावीक तपासण्या बऱ्याचशा तिच्याच हाताखालून जातात. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ साली पक्षाघातासाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. रुग्णाचा आढावा सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावा, असे त्यात सांगितले होते. डॉक्टरांकडे प्रत्येक रुग्णासाठी मोजकी मिनिटे असतात. परिचारिका जास्त वेळ देते, ओळखीची असते, लोक तिच्याशी मोकळेपणाने बोलतात. मग हा आढावा तिनेच घ्यावा यात शंका कसली? शंका घेणारे संशोधक तरीही निघाले. त्यांनी या कल्पनेची चाचणी घेतली, आणि निकाल बहुतेकांच्या अपेक्षेविरुद्ध लागले. माझे म्हणणे असे की या निकालांवरून परिचारिका निरुपयोगी आहे असे ठरत नाही. तिच्या हातात निर्णय न देता केवळ विचारपूस सोपवली तर मोजता येण्याजोगा फायदा होत नाही, एवढेच त्यांवरून ठरते. आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण विचारपूस सोपवणे स्वस्त आणि सोपे असते, निर्णय सोपवणे कठीण.

चाचण्यांचा इतिहास १९९०च्या दशकापासून सुरू होतो. ब्रॅडफर्डमध्ये ॲन फॉर्स्टर आणि जॉन यंग यांनी साठ वर्षांवरचे २४० रुग्ण घेतले. त्यातल्या निम्म्यांच्या घरी पक्षाघाताचे खास प्रशिक्षण घेतलेली परिचारिका सहा महिन्यांत किमान सहा वेळा जाई, माहिती देई, धीर देई. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात दोन गटांत म्हणावा असा फरक नव्हता. सौम्य अपंगत्व असलेल्यांना थोडा लाभ झाला असावा, इतकेच. पुढच्याच वर्षी एडिंबरोचा निकाल आला आणि तो जास्त अस्वस्थ करणारा होता. ४१७ रुग्णांपैकी ज्यांच्या कुटुंबाला मदतीसाठी स्वतंत्र कार्यकर्ती दिली होती, त्या घरांतले काळजीवाहू नातेवाईक कमी त्रासलेले आणि कमी चिंतातुर दिसले, लोक सेवेवर जास्त समाधानी होते. पण खुद्द रुग्ण मात्र थोडे अधिक असहाय, अधिक खचलेले आणि लोकांत कमी मिसळणारे असावेत असा कल दिसला. कुणीतरी सतत आपल्यासाठी धावते आहे ही भावना माणसाला परावलंबी करत असेल का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. त्याचे ठाम उत्तर त्या चाचणीत नाही, पण ज्यांना अशी सेवा उभारायची आहे त्यांनी तो प्रश्न बाजूला टाकू नये. नेदरलँड्समध्ये ५३६ रुग्णांना डिस्चार्जनंतर परिचारिकेचे तीन फोन आणि एक घरभेट देऊन पाहिली गेली. २००४च्या निकालात चिंता किंचित कमी झाली, बाकी जवळजवळ काहीच बदलले नाही. २०१० साली अशा १६ चाचण्यांमधल्या ४,७५९ लोकांची आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हाही एकूण तब्येतीवर किंवा रोजच्या व्यवहारांवर परिणाम दिसला नाही. फॉर्स्टर यांनी धीर सोडला नाही. त्यांच्या गटाने रुग्णांना खरोखर काय हवे असते याचा बारकाईने अभ्यास करून समन्वयकांसाठी एक पद्धतशीर आराखडा तयार केला आणि ३२ स्ट्रोक सेवांमध्ये ८०० रुग्णांवर तो तपासला. २०१५ साली उत्तर तेच आले.

एवढे सगळे हाताशी असताना केंब्रिज विद्यापीठाच्या जोनाथन मँट यांच्या गटाने थेट जीपीच्या दवाखान्यातच प्रयोग केला, म्हणून तो विशेष लक्ष द्यावा असा आहे. इंग्लंडमधले ४६ दवाखाने आणि हजाराच्या आसपास रुग्ण त्यात होते. परिचारिकेने तपासणी-यादी हातात घेऊन आढावा घ्यायचा. रुग्णाला अडचण आली तर दवाखान्यात थेट कुणाशी बोलायचे हे ठरवून द्यायचे. परिसरात फिजिओथेरपी, वाचोपचार, मदतगट कुठे आहेत याची नोंद तयार ठेवायची. आणि ज्यांना हवे त्यांच्यासाठी स्वतःची काळजी स्वतः घेण्याचे गटवर्ग. कागदावर पाहिले तर यात उणे काढायला जागा नाही. वर्षभरानंतर रुग्णांची भावनिक अवस्था आणि समाजातला वावर मोजला गेला. नेहमीची सेवा मिळालेल्या गटाच्या तुलनेत व्यवहारात अर्थ असेल असा फरक आढळला नाही. आता या निकालाचा एक सरळ अर्थ असा लावता येईल की ब्रिटनमधली नेहमीची सेवाच इतकी चांगली आहे की तिच्यावर भर घालायला वाव उरलेला नाही. पण निम्म्या लोकांची किमान एक गरज अपुरी राहते असे त्याच देशातली पाहणी सांगते, तेव्हा हा अर्थ मला पटत नाही. वाव आहे, साधन कमी पडते आहे.

ते साधन कोणते, याचे सर्वांत स्वच्छ उत्तर कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या एका चाचणीत मिळते, आणि पक्षाघातानंतरच्या काळजीवर लिहिणारे तिचा उल्लेख जितका करायला हवा तितका करत नाहीत. अल्बर्टा प्रांतात २००७ पासून पात्र औषधनिर्मात्यांना, म्हणजे फार्मासिस्टना, स्वतः औषध लिहून देण्याचा अधिकार आहे. त्याचा उपयोग करून संशोधकांनी सौम्य झटका येऊन गेलेल्या २७९ लोकांना दोन गटांत वाटले. सगळ्यांचा रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल सुरुवातीला लक्ष्याच्या वर होते. दोन्ही गटांना सहा महिने, दर महिन्याला कुणीतरी भेटे, मोजमाप करी, खाण्यापिण्याचा आणि औषधांचा सल्ला देई. एका गटात हे काम परिचारिका करी आणि मोजलेले आकडे रुग्णाच्या डॉक्टरांना कळवी. दुसऱ्या गटात ते काम फार्मासिस्ट करी, आणि आकडा चढा दिसला तर तिथल्या तिथे गोळी वाढवी किंवा नवी जोडी. भेटी तितक्याच, सल्ला जवळपास तोच; फरक फक्त पेन कुणाच्या हातात होते याचा. सहा महिन्यांनी परिचारिकेच्या गटात ३०.९ टक्के लोक रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या दोन्ही लक्ष्यांपर्यंत पोचले, फार्मासिस्टच्या गटात ४३.४ टक्के. परिचारिकेच्या गटातही सुधारणा झाली होती, ती नाकारायची नाही. पण जिथे नुसते कळवणे होते तिथे, आणि जिथे बदलणे होते तिथे, शंभरात बारा माणसांचे अंतर पडले.

कळवणे आणि बदलणे यांच्यामध्ये काय हरवते, ते एकदा पायरीपायरीने पाहू. समजा एखाद्या रुग्णाच्या रक्तदाबाचा वरचा आकडा १५२ निघाला. परिचारिका तो नोंदवते आणि डॉक्टरांना निरोप ठेवते. डॉक्टर तो निरोप दोन दिवसांनी, चाळीस निरोपांमध्ये वाचतात. रुग्ण समोर नसतो, म्हणून एकाच आकड्यावर औषध वाढवायला मन धजत नाही. तेही चूक नाही, कारण माणूस घाईने आला असेल, दवाखान्याच्या भीतीने दाब चढला असेल. पुढच्या भेटीत पाहू असे ठरते. पुढची भेट तीन महिन्यांनी, तिथे रुग्ण गुडघेदुखीची तक्रार घेऊन येतो आणि सगळा वेळ गुडघ्यात जातो. यात कुणीही निष्काळजी नाही, प्रत्येकाने आपल्या जागी रास्त तेच केले आहे, आणि वर्ष संपते तेव्हा वरचा आकडा अजूनही १५२ आहे. वैद्यकात याला उपचारांतली जडता म्हणतात. ती माणसांच्या आळसातून येत नाही. मोजणारा एक, ठरवणारा दुसरा आणि दोघांमध्ये काळाचे अंतर, या मांडणीतून ती येते. ऑस्ट्रेलियातल्या ५६३ रुग्णांच्या चाचणीत नेमके हेच दिसते. तिथे प्रत्येकासाठी तज्ज्ञाने व्यक्तिगत योजना आखली, परिचारिकेने घरी जाऊन समजावले, योजना जीपीकडे पाठवली. २०१७ साली निकाल आला तेव्हा रक्तातल्या चरबीचे प्रमाण सोडले तर बाकीच्या लक्ष्यांवर फारसा परिणाम झालेला नव्हता.

आणि जिथे हे अंतर मिटवले, तिथे आकडा खाली आला. उत्तर स्वीडनमधल्या एस्टरसुंड इथल्या रुग्णालयाने झटका येऊन गेलेल्या लोकांचा पाठपुरावा टेलिफोनवरून, परिचारिकेमार्फत केला. आकडा लक्ष्याच्या वर असेल तर ती डॉक्टरांशी बोलून औषध वाढवून घेई, काही आठवड्यांनी पुन्हा मोजायला सांगे, आणि लक्ष्य गाठेपर्यंत हे चक्र थांबवत नसे. दुसऱ्या गटाचेही तेच आकडे मोजले जात, पण ते जीपीकडे पाठवून काम संपे. तीन वर्षांनी पहिल्या गटाचा वरचा दाब दुसऱ्यापेक्षा सरासरी सुमारे ६ मिलिमीटरने कमी होता, कोलेस्टेरॉलही कमी होते. ही परिचारिका घरी जात नव्हती, गटवर्ग घेत नव्हती, तिच्याकडे सगळ्या गरजांची लांबलचक यादीही नव्हती. तिच्याकडे दोन आकडे, एक लक्ष्य आणि औषध बदलवून घेण्याचा सरळ मार्ग होता. मँट यांच्याच गटाच्या २०१६च्या आणखी एका अभ्यासातून हा मुद्दा वेगळ्या बाजूने पुढे येतो. इंग्लंडमधल्या ९९ दवाखान्यांतल्या ५२९ रुग्णांमध्ये त्यांना पाहायचे होते की रक्तदाबाचे लक्ष्य १४०च्या ऐवजी १३० ठेवले तर काय होते. कडक लक्ष्याच्या गटाचा वरचा दाब १६ मिलिमीटरने उतरला, पण सैल लक्ष्याच्या गटाचाही जवळजवळ १३ने उतरला. दोन्ही गटांत दवाखान्याचे पथक नियमित मोजत होते आणि आकडा चढा असेल तर औषध हलवत होते. लक्ष्य कोणते ठेवले यापेक्षा, कुणीतरी त्याचा शेवटपर्यंत पाठलाग करते का, याने जास्त फरक पडला. इतकेच काय, २०१४ साली ५५२ जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या ब्रिटिश चाचणीत, आधी ठरलेल्या नियमानुसार औषध वाढवण्याचा अधिकार खुद्द रुग्णांनाच दिला होता. घरी मोजायचे, आकडा ठरावीक काळ चढा राहिला तर पुढची पायरी घ्यायची. वर्षभराने त्यांचा दाब नेहमीच्या सेवेपेक्षा ९ मिलिमीटरने कमी होता.

या मिलिमीटरांना केवढे मोल आहे, हे २००१ सालच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले आहे. झटका येऊन गेलेल्या ६,१०५ लोकांमध्ये औषधाने दाब सरासरी ९ मिलिमीटरने खाली आणला, तेव्हा चार वर्षांत पुन्हा झटका येणाऱ्यांचे प्रमाण १४ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. म्हणजे शंभर घरांतली चार घरे दुसऱ्या झटक्यातून वाचली.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने औषध बदलायचे म्हटले की अनेकांच्या पोटात गोळा येतो, आणि पक्षाघाताचा रुग्ण वयस्क, चार-पाच औषधांवर असलेला, पटकन चक्कर येऊन पडू शकणारा असतो हे खरेच आहे. पण हा प्रश्नही तपासला गेला आहे. इंग्लंडमध्ये पात्र परिचारिकांना स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा व्यापक अधिकार २००६ पासून आहे. डॉक्टरांव्यतिरिक्त इतरांनी औषधे लिहून देण्याविषयीचे ४६ अभ्यास २०१६ साली एकत्र तपासले गेले, त्यांत सदतीस हजारांहून अधिक रुग्ण होते. निकाल डॉक्टरांच्या तोडीचे होते. २०१८ साली प्राथमिक सेवेत डॉक्टरांच्या जागी परिचारिकांनी काम केलेल्या १८ चाचण्या एकत्र केल्या गेल्या, तेव्हा रुग्णांचे परिणाम तितकेच किंवा किंचित बरे निघाले, समाधान जास्त, वेळ मात्र जास्त लागला. शिवाय येथे कुणी परिचारिकेला मोकळे रान द्या म्हणत नाही. कोणती गोळी आधी, किती आकड्यावर पुढची पायरी, कोणत्या लक्षणावर थांबायचे आणि डॉक्टरांना बोलवायचे, हे नियम आधी लिहिलेले असतात. ऑस्ट्रेलियात सँडी मिडलटन यांनी असे नियम परिचारिकांच्या हातात देऊन १९ स्ट्रोक युनिटांत प्रयोग केला होता: ताप ठरावीक तापमानाच्या वर गेला तर औषध देणे, साखर चढली तर आवरणे, आणि गिळता येते का हे पाहिल्याशिवाय तोंडाने काही न देणे. २०११ साली निकाल आला. तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन ५८ टक्क्यांऐवजी ४२ टक्के. तो रुग्णालयातला, पहिल्या तीन दिवसांचा प्रयोग होता, दवाखान्यातला नव्हे. पण परिचारिकेला नियम आणि अधिकार दोन्ही दिले की काय होते, त्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. आकडे खाली आले, ठीक. पण झटके कमी झाले का? जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये २,०९८ रुग्णांना दोन वर्षांत आठपर्यंत भेटी देणारी चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू या आघाड्यांवर लोक सुधारले, पण पुन्हा झटका किंवा हृदयविकार यांसारख्या मोठ्या घटनांची संख्या लक्षणीय कमी झाली नाही. भारतात ३१ केंद्रांमध्ये ४,२९८ रुग्णांना १२ भाषांमधून संदेश, छोट्या चित्रफिती आणि एक कार्यपुस्तिका देणारी चाचणी पुढे फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून मुदतीआधी थांबवली गेली. वर्षभरात नव्या घटना संदेश मिळालेल्यांत ५.५ टक्के, न मिळालेल्यांत ४.९ टक्के. हे निकाल माझ्या मांडणीला सोयीचे नाहीत, म्हणूनच ते नीट पाहायला हवेत. भारतीय चाचणीत संदेश होते, बदल करणारा हात नव्हता. शिवाय सहभागी केंद्रे तज्ज्ञांची होती, तिथली नेहमीची सेवाच सरासरीहून वरची. युरोपातल्या चाचणीत सौम्य झटक्याचे लोक होते, ज्यांना पुन्हा घटना होण्याचे प्रमाण मुळात थोडे, आणि फरक मोजता यावा इतक्या घटना घडल्याच नाहीत असे मला वाटते. याच्या उलट ऑस्ट्रियात इन्सब्रुक आणि व्हिएन्ना इथे २,१४९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, तीन महिन्यांनी सर्व बाजूंनी तपासून लागेल तो उपचार तिथेच सुरू करण्याच्या पद्धतीने वर्षभरातल्या घटना ८.३ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आल्या आणि जीवनाची गुणवत्ताही सुधारली. पुरावा एकमुखी नाही हे मान्य करावे लागते. पण रक्तदाब उतरला की झटके कमी होतात, ही गोष्ट औषधांच्या मोठ्या चाचण्यांनी इतकी पक्की केली आहे की दाब खरोखर उतरवणाऱ्या व्यवस्थेकडे केवळ चाचणी लहान पडली म्हणून पाठ फिरवणे योग्य ठरणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. माणूस म्हणजे रक्तदाब नव्हे. थकवा, एकटेपणा, तुटलेले बोलणे, नवरा-बायकोतला ताण, यांवर कोणती गोळी वाढवायची? जगभरातल्या तज्ज्ञांनी पक्षाघातानंतरच्या तपासणीसाठी जी ११ मुद्द्यांची यादी केली, तिच्यात दुसऱ्या झटक्याचा प्रतिबंध हा फक्त एक मुद्दा आहे. बाकीचे रोजची कामे, हालचाल, स्नायूंचा ताठरपणा, वेदना, लघवीवरचे नियंत्रण, संवाद, मनःस्थिती, स्मरण आणि विचार, पुढचे आयुष्य, घरातली नाती यांविषयीचे आहेत. ही यादी निरर्थक आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पण तिच्यातल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक दार असते, आणि दार बंद असेल तर प्रश्न विचारून रुग्णाला केवळ त्याच्या उणिवेची आठवण करून दिली जाते. ताठरपणाला स्नायूतले इंजेक्शन आणि फिजिओथेरपी आहे, लघवीच्या त्रासाला व्यायाम आणि औषधे आहेत, बोलण्यासाठी वाचोपचार आहे. परिचारिकेला यांतल्या कुठल्याही ठिकाणी स्वतःच्या सहीने रुग्णाला पाठवता येत असेल तर यादी कामाची. नैराश्याच्या बाबतीत तर विचारणाऱ्याने जास्तच सावध असावे. ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांना झटक्यानंतर सरसकट फ्लुऑक्सेटिन देऊन पाहिले गेले; नैराश्य कमी झाले, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले आणि हातापायांत जास्त बळ आले नाही. तेव्हा सगळ्यांना गोळी हे उत्तर नाही, ज्याला नैराश्य आहे त्याला ओळखून उपचारापर्यंत नेणे हे आहे. आणि काही दुःखे अशी उरतील ज्यांना आज उपाय नाही. तिथे कुणी तरी बसून ऐकणे याला स्वतःचे मोल आहे. एडिंबरोतल्या काळजीवाहू नातेवाइकांचे हलके झालेले मन हा काही थोडका लाभ नव्हे. माझी हरकत एवढीच की या सोबतीला उपचार म्हणून खपवू नये, आणि तिच्या नावावर खऱ्या उपचाराची जागा अडवू नये.

हा सगळा वाद महाराष्ट्राला परका नाही. पक्षाघातानंतर घरच्यांनीच व्यायाम करून घ्यावेत, त्यांना रुग्णालयातच शिकवावे, ही कल्पना भारतात १४ केंद्रांमध्ये १,२५० रुग्णांवर तपासली गेली. २०१७च्या निकालात सहा महिन्यांनी दोन्ही गटांतले ४७ टक्के लोक दगावलेले किंवा परावलंबी होते, फरक शून्य. ग्रामीण चीनमध्ये परिचारिकांनी घरच्यांना शिकवण्याचा प्रयोगही असाच निष्फळ ठरला. आपल्याकडे घरच्यांच्या मायेवर आणि कष्टांवर पुनर्वसनाचा सगळा भार टाकायची सवय आहे, आणि हे निकाल त्या सवयीला सरळ प्रश्न विचारतात. दुसरीकडे, निर्णय खालच्या पायरीवर आणण्याचा एक प्रयोग याच भूमीत चालू आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झाला, आणि महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे त्यात सुरुवातीपासून होते. ठरलेली औषधे ठरलेल्या क्रमाने, परिचारिकेकडून मोजणी, गावाजवळच्या केंद्रात महिन्याच्या गोळ्या, न आलेल्याला शोधून आणणे, अशी त्याची रीत आहे. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी गोळ्या देऊ शकतात. औषध वाढवायचे असेल तर ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर वैद्यकीय अधिकाऱ्यांशी रुग्णासमोरच बोलता येते. एस्टरसुंडच्या परिचारिकेकडे होता तोच सरळ मार्ग.

पण या व्यवस्थेत केंद्रापर्यंत चालत येणारा माणूस मोजला जातो. अर्धे अंग लुळे पडलेला माणूस येत नाही. त्याच्या गोळ्या मुलगा किंवा सून घेऊन जाते, किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयातला जुना कागद दाखवून दुकानातून आणल्या जातात, आणि दाब महिनोन्‌महिने कुणी मोजत नाही. डिस्चार्जच्या कागदावर गावाच्या उपकेंद्राचे नाव नसते, उपकेंद्राच्या यादीत डिस्चार्ज झालेल्याचे नाव नसते. ही दोन नावे जुळवली, आणि केंद्रातल्या सिस्टरना किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना पहिल्या दोन आठवड्यांत घरी जाऊन बीपी मोजण्याचे आणि आकडा चढा असेल तर तिथूनच ई-संजीवनी लावून पुढची गोळी सुरू करून घेण्याचे काम लेखी नेमून दिले, तर त्याचा उपयोग होतो की नाही हे एका जिल्ह्यातही तपासून पाहता येईल. निम्म्या उपकेंद्रांत आधी, निम्म्यांत वर्षभराने, आणि मोजायचे ते सहा महिन्यांनी दोन्हीकडच्या घरांत जाऊन घेतलेला वरचा आकडा.